वजन घटवताना नेमके कुठे थांबावे?

जाईजुई

नमस्कार. वजन कसे उतरवावे याबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिले आणि बोलले जाते, परंतु उतरवणे कधी थांबवावे याबद्दल फारसे काही वाचायला मिळाले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

माझे वय ४६ आहे आणि उंची १५८ सेंटिमीटर. हे सगळे सुरू केले तेव्हा वजन ७४ किलो होते, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.३ आले होते आणि रक्तदाबाची गोळी नुकतीच सुरू झाली होती. आई आणि मामा दोघेही मधुमेही असल्यामुळे डॉक्टरांचा सल्ला मी मनावर घेतला. भात निम्मा केला, रात्रीचे जेवण सात वाजता आणले, गोड सणावारापुरते ठेवले आणि सकाळी गंगापूर रोडला नेमाने चालू लागले. आज वजन ५६ किलो आहे आणि एचबीएवनसी ५.५. म्हणजे ज्या कारणासाठी हे आरंभले ते कारण संपलेले आहे.

अडचण पुढची आहे. सुरुवातीला मी ६५ किलो हे ध्येय ठरवले होते. पासष्ट आल्यावर साठ ठरले, साठ आल्यावर पंचावन्न ठरले, आणि आता पंचावन्नला जेमतेम एक किलो उरलेला असताना मनाने बावन्नचा आकडा काढला आहे. आरशात मला अजूनही तेच पोट आणि तेच दंड दिसतात. दुकानात गेले की हात आपोआप मोठ्या मापाच्या कपड्यांकडे जातो आणि मधल्या मापाचा ड्रेस अंगात सहज शिरला, तर या कंपनीची मापेच ढगळ असतील असे वाटते. अंगठी बोटातून निसटते म्हणून तिच्या मागच्या बाजूला दोरा गुंडाळला आहे, पण सोनाराकडे देऊन ती लहान करून घ्यायला मन धजत नाही, कारण वजन पुन्हा वाढेल ही धास्ती आहे.

लोकांच्या बोलण्याचाही आधार राहिलेला नाही. मागच्या दिवाळीत 'चवळीची शेंग झालीस' म्हणून कौतुक करणारी माझी नणंद परवा 'किती हडकलीस गं, काही दुखणंबिखणं नाही ना?' असे विचारून गेली. दरम्यान ऑफिसातल्या एसीत शाल पांघरून बसावे लागते, न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा पुंजका साठतो, जमिनीवरून पटकन उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पाळी लांबू लागली आहे.

तर थांबण्याचा निर्णय कशावरून घ्यावा? काट्यावरच्या आकड्यावरून, आरशावरून, की लोकांच्या शेऱ्यांवरून? ज्यांनी वजन उतरवून ते तिथेच राखले आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

खडीसाखर

या तिन्हींपैकी कशावरूनही नाही, असे माझे मत आहे. तुमचे उत्तर तुमच्याच दुसऱ्या परिच्छेदात आलेले आहे: कारण संपलेले आहे. ज्या दिवशी अहवालात ५.५ आले त्या दिवशीच हे काम पुरे झाले होते आणि त्यानंतरचे जे काही चालले आहे ते वेगळेच काम आहे. ते कशासाठी चालले आहे, हा प्रश्न मात्र स्वतःला जरूर विचारा.

ओपीडी_नंतर

मी फिजिशियन आहे. इथे कोणाचे निदान करता येत नाही आणि तसा माझा प्रयत्नही नाही, परंतु धागाकर्तीच्या चौथ्या परिच्छेदातल्या शेवटच्या वाक्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

पटकन उठल्यावर अंधारी येणे आणि रक्तदाबाची गोळी चालू असणे या दोन गोष्टी एकत्र वाचाव्यात. वजन उतरले की बहुतेकांचा रक्तदाबही उतरतो. ७४ किलो वजन असताना ठरवलेली मात्रा ५६ किलोला जास्त ठरू शकते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, मात्र आठवडाभर बसून आणि उभे राहून असा दोन्ही प्रकारे रक्तदाब मोजून त्या नोंदी आपल्या डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीत तर हे अधिकच महत्त्वाचे आहे, कारण तिथे साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. वजन घटवणाऱ्यांना काय खावे हे सगळे जण सांगतात, पण औषधांची मात्रा पुन्हा तपासून घ्या हे सांगायचे बरेचदा राहून जाते.

केस गळणे हे झपाट्याने वजन उतरल्यानंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी दिसू लागते आणि त्यामागे बहुधा प्रथिनांची किंवा लोहाची कमतरता असते. सतत थंडी वाजत असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे. पाळीच्या बाबतीत, शेहेचाळिसाव्या वर्षी रजोनिवृत्तीची चाहूल लागणे स्वाभाविक आहे, पण अपुऱ्या आहारामुळेही पाळी लांबते, तेव्हा 'वयच आहे' असे म्हणून तो विषय सोडून देऊ नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा.

आता आकड्यांविषयी. भारतीयांसाठी २००९ साली तज्ज्ञांनी एकमताने जी मर्यादा ठरवली तिच्यानुसार बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १८ ते २२.९ हा योग्य पट्टा आहे. १५८ सेंटिमीटर उंचीला तो अंदाजे ४५ ते ५७ किलो असा येतो. तुम्ही या पट्ट्यात आलेल्या आहात. पट्टा याचा अर्थ त्यात कुठेही असले तरी चालते. तळाला पोहोचणाऱ्याला जास्त गुण मिळत नाहीत. माझ्याकडे येणारे कित्येक सुशिक्षित रुग्ण मात्र खालची कड हेच ध्येय समजून चाललेले असतात.

आरोग्याचा फायदा कुठे मिळतो तेही पाहा. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर एक मोठा अभ्यास झाला होता, त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यात वजन ७ टक्के उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढेच ध्येय दिले होते आणि तेवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चौऱ्याहत्तरचे सात टक्के म्हणजे सुमारे पाच किलो. तुम्ही अठरा किलो, म्हणजे जवळजवळ चोवीस टक्के उतरवलेले आहेत. छप्पन्नावरून बावन्नवर गेल्याने तुमच्या साखरेत किंवा रक्तदाबात सांगण्यासारखा फरक पडेल असे मला वाटत नाही, पण त्या चार किलोंत स्नायूंचा वाटा मोठा असू शकतो आणि चाळिशीनंतर गेलेला स्नायू परत मिळवणे कष्टाचे असते.

कंबरेचा घेर लिहिलेला नाही. भारतीय स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. तो मोजून कळवा.

काटेकोर

डॉक्टरसाहेबांचा मान राखून थोडा मतभेद नोंदवतो. पट्ट्यात आलात की थांबा, हा सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही. माझी उंची १७० सेंटिमीटर आणि वजन ६७ किलो होते, म्हणजे बीएमआय २३ च्या आसपास. सगळे मला किडकिडीतच म्हणत आणि तरीही मला मधुमेह निघाला. वजन ६० किलोवर आणल्यानंतरच माझी साखर औषधांविना नियमित झाली. त्या काळात घरचे आणि शेजारचे रोज 'आता बास' म्हणत होते. त्यांचे ऐकून मी ६४ ला थांबलो असतो, तर गोळ्या चालूच राहिल्या असत्या.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम या बाबतीत वाचण्यासारखे आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याने स्वतःचीच छायाचित्रे छापली होती. दोघांचा बीएमआय २२.३ असा सारखाच, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपली माणसे दिसायला बारीक असतात आणि चरबी मात्र पोटाच्या आत बाळगून असतात. न्यूकॅसलचे प्राध्यापक रॉय टेलर यांनीही असे मांडले आहे की प्रत्येकाची चरबी पेलण्याची मर्यादा वेगळी असते आणि ती ओलांडली गेली की बीएमआय काहीही असो, मधुमेह होतो. तेव्हा 'दिसायला बारीक आहे, आता पुरे' हे वाक्य आपल्या समाजात फसवे आहे.

ओपीडी_नंतर

काटेकोर, आपल्यात मतभेद नाही. तुम्ही ६० वर थांबलात ते साखर नियमित झाली म्हणून. आरसा किंवा शेजारी तुमचे निकष नव्हतेच. साखर सुधारल्यावर तुम्ही ५६ चा आकडा काढला नाहीत, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. धागाकर्तीच्या बाबतीतही हाच निकष लावला तर त्यांचा थांबा येऊन गेलेला आहे.

घाटमाथा

पुरुषांचा अनुभवही इथे यायला हवा, कारण हे दुखणे फक्त बायकांचे आहे असा एक समज असतो.

मी हौशी धावपटू आहे. दर किलोमागे वेळ सुधारतो हे एकदा डोक्यात बसले की वजन घटवण्याला अंत राहत नाही, आणि आमच्या गटात गालफडे बसलेल्या माणसाकडे आदराने पाहिले जाते. माझ्या बाबतीत वेळ सुधारत होती तोवर सगळे ठीक चालले होते. मग ती सुधारेनाशी झाली, झोप उडाली, साधी सर्दी तीन-तीन आठवडे रेंगाळू लागली आणि सिंहगड चढताना जिथे पूर्वी गप्पा मारत जात असे तिथे बसावेसे वाटू लागले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली खेळाडूंमधल्या या स्थितीला 'रेड-एस' असे नाव दिले आणि ती पुरुषांतही आढळते हे स्पष्ट केले. खर्चाच्या मानाने खाणे अपुरे पडले की शरीर हाडे, संप्रेरके आणि प्रतिकारशक्ती यांच्या वाट्यात काटछाट करू लागते. वजन अगदी नियमित पट्ट्यात असतानाही हे होऊ शकते.

माझा निकष तेव्हापासून ताकद हाच आहे. घरी पाण्याचा वीस लिटरचा जार मी उचलून स्टँडवर ठेवतो. तो जार जड वाटू लागला आणि काट्यावरचा आकडा मात्र उतरलेला दिसला, तर मी खाणे वाढवतो. जिममधल्या ज्या यंत्रावर अनवाणी उभे राहून चरबीचे टक्के कळतात त्यावर फार विसंबू नका. ते यंत्र शरीरातून सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधते आणि तुम्ही किती पाणी प्यायला आहात यावर तो अंदाज बदलतो.

जुनी_वही

आरशाबद्दल लिहिते, कारण मूळ प्रश्नाचा तो भाग अजून कोणी घेतलेला नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग केला होता. हे तरुण लढाईला तत्त्वतः नकार देणारे होते आणि युद्धानंतर युरोपातल्या उपाशी जनतेला पुन्हा कसे जेवू घालावे हे समजावे म्हणून ते स्वेच्छेने अर्धपोटी राहायला तयार झाले होते. सहा महिन्यांत त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. ते चिडचिडे झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली, दिवसभर त्यांच्या बोलण्यात खाण्याशिवाय विषय नसे आणि काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. नोंदींमधला मला सर्वांत विलक्षण वाटलेला भाग असा की आपण फार वाळलो आहोत असे त्यांच्यापैकी काहींना वाटेनासे झाले, उलट भोवतालची धडधाकट माणसेच त्यांना वाजवीपेक्षा जाड दिसू लागली.

हे सारे निरोगी, समजूतदार तरुण होते. बारीक दिसण्याची हौस त्यांच्यापैकी कोणालाच नव्हती. तरीही त्यांची नजर बदलली. जाईजुई त्यांच्यासारख्या उपाशी नाहीत आणि त्यांची सुरुवातही जास्त वजनापासून झालेली आहे, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण अपुऱ्या अन्नावर चालणाऱ्या मनाने आरशात पाहून दिलेला निकाल किती ग्राह्य धरावा, एवढा प्रश्न त्यातून नक्की पडतो. जाता जाता एक: बीएमआयला ते नाव १९७२ साली देणारे कीज तेच. सूत्र मात्र त्याआधी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केटले यांनी मांडले होते, आणि त्यांना मोठ्या जनसमूहाचा सरासरी माणूस शोधायचा होता. एकेका व्यक्तीने त्यावरून स्वतःचे भवितव्य ठरवावे हा त्यांचा हेतू नव्हता.

उंबरठा

ताई, घरात वयात येणारी मुलगी आहे का? हा प्रश्न आगाऊ वाटल्यास क्षमा असावी, पण मी एका शाळेत समुपदेशक म्हणून काम करते आणि तिथे जे दिसते ते सांगावेसे वाटते.

आठवी-नववीच्या मुली डबा न खाता परत नेतात आणि विचारल्यावर सांगतात की आईसुद्धा दुपारी जेवत नाही. आईने मुलीला कधीही 'जाड आहेस' म्हटलेले नसते. तिने फक्त रोज सकाळी काट्यावर उभे राहून उसासा टाकलेला असतो आणि लग्नाच्या फोटोत स्वतःला पाहून 'शी, काय दिसतेय मी' असे म्हटलेले असते. मुलगी हे सगळे ऐकत असते. आईच्या हातून शिस्तीत चाललेला बेत मुलीच्या हातात गेला की त्याला लगाम राहत नाही, कारण तिचे शरीर अजून वाढते आहे.

दुसरा मुद्दा असा की आहारविकार जडलेली व्यक्ती हाडांचा सापळाच असते हा समज सोडून द्यायला हवा. मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणाच्या २०१३ च्या आवृत्तीत 'अटिपिकल अॅनोरेक्सिया' असा प्रकार नोंदवलेला आहे. त्यात वजन खूप उतरलेले असते, वाढण्याची भीती तीव्र असते, आणि तरीही वजनाचा आकडा नियमित किंवा त्याहून जास्त असतो. अशा व्यक्तीचे सगळीकडे कौतुकच होत असते, त्यामुळे तिला मदत मिळायला उशीर होतो. जाईजुईंना तसे काही आहे असे मी म्हणत नाही. मात्र जेवणाच्या प्रत्येक घासाबरोबर मनात हिशेब चालत असेल, बाहेर जेवायचे म्हणून समारंभ टाळले जात असतील, एखादा लाडू खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून उपाशी राहावेसे वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायला हवे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीतूनही बोलता येते.

जाईजुई

सर्वांचे मनापासून आभार. उंबरठा, मुलगी नाही, पण भाची शिक्षणासाठी आमच्याकडे राहते आणि मागच्या आठवड्यापासून तिने रात्रीची पोळी बंद केलेली आहे. तुमचा प्रतिसाद वाचून होताच काटा न्हाणीघरातून काढून माळ्यावर टाकला. घासाघासाचा हिशेब मात्र माझ्याही मनात चालतो, ते नाकारत नाही.

कंबर ७६ सेंटिमीटर आहे. रक्ताच्या तपासण्यांसाठी उद्या जात आहे.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहते. इकडे या प्रश्नाला आता वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांमुळे एक नवे वळण आले आहे आणि २०२५ पासून ती भारतातही अधिकृतपणे मिळू लागल्याने इथे लिहिणे अस्थानी ठरणार नाही.

ही औषधे भुकेलाच आवर घालतात. एरवी वजन फार उतरू लागले की शरीर भूक वाढवून खूण देते. इंजेक्शन चालू असताना ती खूण दबलेली असते, त्यामुळे कुठे थांबावे हे शरीराच्या भरवशावर सोडून चालत नाही आणि ते डॉक्टरांबरोबर बसून आधीच ठरवावे लागते. माझ्या ओळखीच्या एका बाईंना दिवसभरात अर्धा वाटी दही पुरेसे वाटू लागले होते आणि त्या ते अभिमानाने सांगत असत. शिवाय थांबणे म्हणजे औषध बंद करणे असाही अर्थ होत नाही. सेमाग्लुटाइड या अशाच एका औषधाच्या मोठ्या अभ्यासात औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलेले दिसले. म्हणून मात्रा तीच ठेवायची, कमी करायची की बंद करायची, हा निर्णय वैद्यकीय आहे. घरबसल्या तो घेऊ नये.

सांगलीचा_पाहुणा

विषयाला धरूनच, पण थोडे बाजूचे. माझ्या वडिलांचे वय बहात्तर. पुतणीच्या लग्नात जो तो त्यांना म्हणत होता, 'काका, काय मेन्टेन केलंय!' आणि तेही खूश होते. आईच्या मात्र लक्षात आले की त्यांनी खाण्यात काहीच बदल केलेला नाही, फिरणेही वाढवलेले नाही, आणि तरी पायजम्याची नाडी दर महिन्याला थोडी अधिक आवळावी लागते आहे. तपासणीत क्षयरोग निघाला. वेळेत औषधोपचार सुरू झाले आणि आता ते बरे आहेत.

ओपीडी_नंतर

हा प्रतिसाद प्रत्येकाने वाचावा. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्क्यांहून अधिक वजन उतरले, तर ते कौतुकाचे कारण समजू नये, तपासणी करून घ्यावी. मधुमेह, थायरॉइडची अतिक्रियता, क्षयरोग, कर्करोग, नैराश्य, वृद्धांमध्ये दातांच्या तक्रारी, अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. 'दुखणंबिखणं नाही ना?' असे विचारणाऱ्या नणंदेची म्हणूनच मला चीड येत नाही. आपल्याकडे वाळणे आणि आजारपण यांची जोडी पिढ्यान्पिढ्या पाहिलेली आहे, तिचा प्रश्न तिथून आलेला असतो.

सत्तरीच्या पुढच्या माणसांना तर बारीक होण्याचा सल्ला सरसकट देऊच नये. त्या वयात पोटरीचा घेर आणि हाताच्या पकडीची ताकद या गोष्टी बीएमआयपेक्षा जास्त सांगून जातात.

टाचणी

मी गेली अनेक वर्षे शिवणकाम करते, त्यामुळे बायकांची मापे आणि त्यांचे स्वतःविषयीचे बोलणे या दोन्ही गोष्टी रोज कानावर पडतात. वजन उतरवलेल्या बायका माझ्याकडे दोन तऱ्हेने येतात. काही जणी मागच्यापेक्षा एक इंच कमी शिवायला सांगतात, 'तोवर मी उतरेन' म्हणून. काही जणी जुनेच माप ठेवायला लावतात, 'वाढले तर?' म्हणून. आजच्या अंगाचे माप घे, असे म्हणणारी क्वचित भेटते.

जाईजुईताई, अंगठी सोनाराकडे द्या. दोन ब्लाउजही आजच्या मापाचे शिवून घ्या आणि आत दोन बोटे माया सोडायला सांगा, म्हणजे थोडे इकडेतिकडे झाले तर उसवून मोकळे करता येते. कपडा अंगाला नीट बसला की आरशातली बाईही निराळी दिसते, हे मी माझ्या दुकानात रोज पाहते. ढगळ कपड्यात जुनेच अंग आहे असे वाटत राहते. आणि काटा माळ्यावर टाकलात तरी हरकत नाही, तो घट्ट बसणारा ब्लाउज महिन्यातून एकदा घालून पाहिलात की पुरे.

काटेकोर

टाचणीताईंची सूचना आवडली, पण काटा कायमचा माळ्यावर ठेवण्याला माझा विरोध आहे. वजन उतरवल्यानंतर ते राखणाऱ्यांपैकी पुष्कळ जण नियमित वजन करणारे असतात. एक आकडा ठरवण्याऐवजी एक पट्टा ठरवावा, असे मी सुचवेन. माझा ५९ ते ६२ आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी, त्याच फरशीवर वजन करतो. ६२ च्या वर गेले तर भाताला हात आखडता घेतो आणि ५९ च्या खाली गेले तर एक चपाती वाढवतो. खालच्या मर्यादेलाही तितक्याच गांभीर्याने घेतले पाहिजे. बहुतेक जण ती ठरवतच नाहीत.

जाईजुई

तपासण्यांचे अहवाल आले. फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) बरेच कमी आहे, थायरॉइड ठीक आहे. रक्तदाबाच्या नोंदी पाहून डॉक्टरांनी गोळी निम्मी केली आहे आणि महिन्याभराने पुन्हा बोलावले आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे.

काटेकोर यांचा पट्टा मला पटला. डॉक्टरांशी बोलून ५५ ते ५८ असा ठरवला आहे. काटा आता नवऱ्याच्या कपाटात आहे आणि रविवारी तो बाहेर काढायचा, असे भाचीच्या देखत ठरले. तिची रात्रीची पोळी अजून सुरू झालेली नाही, त्यासाठी तिच्याशी एकटीने बोलणार आहे. बावन्नचा आकडा मनातून गेला आहे असे म्हणवत नाही.

एक शेवटची शंका. भात पुन्हा पूर्ण वाटी आणि दुपारी वरण किंवा उसळ वाढवायला सांगितले आहे. चारच दिवस झाले आणि पायातली जोडवी घट्ट वाटू लागली. काटा रविवारीच काढायचा आहे, पण वजन वाढल्याची खात्री पटली आहे. हे असेच चढत राहणार का?

ओपीडी_नंतर

नाही. दीर्घकाळ कमी खाल्ल्यानंतर पिष्टमय पदार्थ वाढवले की यकृत आणि स्नायू त्यांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात पुन्हा भरून घेतात आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. त्यामुळे पहिल्या एक-दोन आठवड्यांत काटा एक-दीड किलो वर सरकू शकतो. ती चरबी नसते. रोज किमान हजार-अकराशे कॅलरी जास्त खाल्ल्याशिवाय आठवड्यात एवढी चरबी चढत नाही आणि तुमच्या आहारात वाढलेला भात व उसळ त्याच्या जवळपासही पोहोचत नाहीत. रविवारचा पहिला आकडा पाहून काहीही बदलू नका, तीन-चार रविवारांची सरासरी पाहा. मात्र पायावर बोट दाबल्यावर खळगा राहत असेल, तर महिना न थांबता डॉक्टरांना दाखवा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि चालण्याच्या दोन दिवसांऐवजी घाटमाथा यांच्यासारखे काहीतरी वजन उचलण्याचे व्यायाम सुरू करा, म्हणजे परत येणाऱ्या वजनातला निदान काही भाग स्नायूंचा असेल.